डेल्फ बी २: सलग चार तास काढायचे कुठून?
ताई, डेल्फ बी २ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या तयारीला सलग चार तास कुठून काढायचे म्हणता, तर काढूच नका. मी दारव्ह्याकडच्या खेड्यातून तयारी केली. ओलिताची लाईन रात्री आली की पंपापाशी कानात फ्रेंच बातम्या, काखेत बॅटरी धरून नवे शब्द वहीत. ऐकणं असं भागतं. लिहिणं नाही: तासाभरात किमान २५० शब्द, घड्याळ लावून. त्याला रविवारची सकाळ राखा, कापूस वेचणीचे दिवस सोडून. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना २५-२५ गुण. पास व्हायला एकूण ५० हवेत, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात की मुसळ केरात! तोंडीचा सराव मी बैलांसमोर केला. त्यांनी व्याकरणाच्या चुका काढल्या नाहीत, तेवढीच अडचण झाली.