मदत हवी आहे: मोबाईल डिटेक्टर सर्किट चालत नाहीये, शुक्रवारी दाखवायचंय

ओंकार_ईएनटीसी
नमस्कार. मोबाईल डिटेक्टर बनवलाय, म्हणजे जवळ फोनवर कॉल सुरू झाला की एलईडी लावणारं सर्किट. ऑपअँप (बारीक सिग्नल मोठा करणारी चिप) आणि ५५५ (टायमर चिप) वाला, सगळीकडे असतो तोच. चालत नाहीये. ब्रेडबोर्डवरून (सोल्डर न करता भाग खोचायचा बोर्ड) तीनदा सगळं काढून परत लावलं. शुक्रवारी मायक्रोप्रोजेक्ट दाखवायचाय. काय चुकत असेल? प्लीज लवकर सांगा.

सातारकर
चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? आयसी (चिप) कुठला? बॅटरी किती व्होल्टची? बोर्डाचा फोटो टाक.

रेडिओवेडा
ब्रेडबोर्ड हेच कारण. तिथे पट्ट्यांची आपापसात कपॅसिटन्स असते, हे सर्किट त्यावर कधीच नीट चालणार नाही. व्हेरोबोर्ड घे आणि सोल्डर कर. मी २००९ मध्ये केलं होतं, पहिल्या फटक्यात चाललं.

सातारकर
माझं ब्रेडबोर्डवरच चाललंय. आधी त्याला माहिती तर देऊ दे.

एम्बेडेड_वैशाली
आता ५५५ कशाला वापरायचा? ईएसपी३२ घे, वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड. आजूबाजूच्या फोनचं वायफाय पकडतो, स्क्रीनवर संख्यासुद्धा दाखवता येते. कोड मी देते.

सातारकर
तो वायफाय पकडेल, मोबाईलचा सिग्नल नाही. वायफाय बंद असलेला फोन खिशात असेल तर त्याला काहीच कळणार नाही. विषय वेगळा आहे.

एम्बेडेड_वैशाली
वायफाय बंद करतं कोण हल्ली? निदान चालेल तरी.

ओंकार_ईएनटीसी
प्रोजेक्टचं नाव आधीच लिहून दिलंय, बदलता येत नाही. बॅटरी ९ व्होल्ट. फोन जवळ नेला तरी काही फरक पडत नाही. कनेक्शन बरोबर आहेत.

निवृत्त_लाइनमन
बाळा, पूर्वी फोन यायच्या आधी रेडिओत टर्र-टर्र असा आवाज यायचा, आठवतो का कुणाला? आमच्या घरी सगळ्यांना आधीच कळायचं की आता फोन वाजणार. तुझं सर्किट तेच ऐकतं. टू-जी फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्यातुकड्याने सिग्नल सोडतो, त्याचीच ती घरघर. ऑपअँपला ९०० मेगाहर्ट्झ झेपत नाही. पण आत शिरलेला सिग्नल त्याच्या पहिल्याच टप्प्यात थोडा रेक्टिफाय होतो, म्हणजे एका दिशेचाच उरतो, आणि मग ती घरघर तेवढी मोठी होऊन बाहेर येते.

रेडिओवेडा
काका, आमच्याकडे जुन्या टीव्हीच्या पडद्यावरसुद्धा रेषा उठायच्या. आई फोन उचलायला आधीच धावायची.

मंगेश७७
वर्गात सगळ्यांचे फोन बंद पडतील असं सर्किट आहे का? जॅमर?

सातारकर
जॅमर सरकारी परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे. आसपास कुणाला १०८ लावायचा असेल तर? इथे विचारू नका.

ओंकार, परत विचारतो: एलईडी कधीच लागत नाही की कायम लागलेला असतो?

ओंकार_ईएनटीसी
कायम लागलेला असतो. बॅटरी जोडली की लागतो तो लागतो. मी लिहिलं नव्हतं का?

सातारकर
नाही! ही पूर्ण वेगळी गोष्ट झाली. आयसी?

ओंकार_ईएनटीसी
सर्किटमध्ये दिलेला ऑपअँप सीए३१३०, तो सांगलीत मिळाला नाही. दुकानदार म्हणाला ७४१ पण ऑपअँपच आहे, पिना त्याच. म्हणून तो लावला.

निवृत्त_लाइनमन
सापडलं. मल्टिमीटर घे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ऑपअँपची ६ नंबर पिन मोज, मग ५५५ ची २ नंबर.

ओंकार_ईएनटीसी
६ वर १.८ व्होल्ट. ५५५ च्या २ वर ०.१.

निवृत्त_लाइनमन
एकाच बॅटरीवर ७४१ चं आउटपुट शून्यापर्यंत उतरत नाही, दीड-दोन व्होल्टवर अडतं. पुढच्या बीसी५४८ ट्रान्झिस्टरला चालू व्हायला बेसवर (त्याच्या इनपुट पायावर) ०.७ व्होल्ट पुरे, म्हणून तो कायम चालू. त्याने ५५५ ची ट्रिगर पिन (तीच २ नंबर) खाली ओढून धरलीय, आणि ५५५ चं आउटपुट वरच राहतंय. फोनचा याच्याशी संबंधच नाही.

रेडिओवेडा
मग एलएम३५८ लाव, तो शून्यापर्यंत उतरतो.

निवृत्त_लाइनमन
उतरतो, पण पिना वेगळ्या, आणि इनपुटला नॅनोअँपियरमध्ये करंट ओढतो. इनपुटच्या २.२ मेगाओहमच्या रेझिस्टरवर ४५ नॅनोअँपियर म्हणजे जवळजवळ १०० मिलिव्होल्ट, त्यात बारीक सिग्नल बुडतो. सीए३१३० पाचेक पिकोअँपियर ओढतो. म्हणूनच तो निवडलाय.

सातारकर
सीए३१३० पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघ. आणि ०.२२ मायक्रोफॅरडच्या डिस्क कपॅसिटरचे पाय कापलेस का?

ओंकार_ईएनटीसी
हो, बोर्डावर नीट बसावा म्हणून अगदी छोटे केले. त्याचा काय संबंध?

सातारकर
तोच तुझा अँटेना! पाय साधारण १८ मिलिमीटर लांब ठेव, मध्ये ८ मिलिमीटर अंतर. नवा घे, आणि त्यावर २२४ लिहिलंय ना ते बघ. २२३ म्हणजे दहापट कमी.

ओंकार_ईएनटीसी
*(बुधवार)* चुलतभावाने पुण्याहून सीए३१३० आणला. कपॅसिटर २२३ च होता, तोही बदलला. एलईडी विझला!! पण माझ्या फोनवरून कॉल केला तरी लागत नाही. परत अडकलो. प्लीज.

एम्बेडेड_वैशाली
मी म्हटलं होतं ईएसपी३२.

सातारकर
सिम कुठलं?

ओंकार_ईएनटीसी
जिओ.

निवृत्त_लाइनमन
जिओकडे टू-जी नाहीच, तुझा कॉल फोर-जीवरून जातो. टू-जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर कमाल २ वॅटपर्यंतचे झटके देतो. फोर-जी फोन सहसा जास्तीत जास्त ०.२ वॅट देतो, टॉवर जवळ असला की त्याहून बराच कमी. घरात टू-जीवर चालणारा साधा बटणांचा फोन आहे का?

ओंकार_ईएनटीसी
बाबांचा आहे. थांबा.

चाललं!! कॉल लागताना लगेच पेटला, दीड फुटावरून! काका, खूप खूप आभार. सातारकर दादा, तुमचेपण. सरांनी विचारलं की फोर-जी का पकडत नाही, तर वरचंच सांगू?

निवृत्त_लाइनमन
तेच सांग, आकड्यांसकट. पुढे वेळ मिळाला तर इनपुटच्या बाजूला शॉटकी डायोड (बारीक सिग्नलही रेक्टिफाय करणारा) लाव, बॅट४३ सारखा, आणि त्याला आठ-साडेआठ सेंटीमीटरची तार. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर, तिचा चौथा हिस्सा तो.

रेडिओवेडा
आणि सोल्डर कर.

ओंकार_ईएनटीसी
उद्या करतो. बझर ५५५ च्या ३ नंबर पिनला थेट लावला तर चालेल ना?

सातारकर
पिझो (कमी करंटवर वाजणारा) असेल तर खुशाल लाव, ५५५ ला २०० मिलिअँपियरपर्यंत झेपतं. बॅटरी मात्र नवी घेऊन जा.