दानासाठी विणताना लोकरीची निवड

दानासाठी टोप्या-कपडे विणायचे तर शुद्ध लोकरच घ्यावी, असा सल्ला कधी कधी दिला जातो. उबेच्या दृष्टीने ते योग्यच आहे; परंतु रुग्णालयांत आणि निवारागृहांत कपडे बहुधा यंत्रात, गरम पाण्यात धुतले जातात, आणि साधी लोकर त्यात आटून इतकी घट्ट होते की मोठ्यांची टोपी लहान मुलालाही बसत नाही. म्हणून यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर किंवा मऊ अ‍ॅक्रिलिक घ्यावे, आणि संस्थेला काय चालते हे टाके घालण्यापूर्वीच विचारावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी विणताना तर फार जपावे लागते. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तिथून पुष्कळ उष्णता निघून जाते, त्यामुळे टोपडे खरोखर उपयोगी पडते. मात्र जाळीदार विणीत किंवा आतून लोंबणाऱ्या धाग्यात इवलीशी बोटे अडकतात. वीण दाट असावी, धाग्यांची टोके सुईने टाक्यांमधून दोन दिशांना ओवून पक्की करावीत, आणि बटणे, गोंडे, नाड्या कितीही गोजिरवाण्या दिसल्या तरी लावू नयेत. सोबत धाग्याचा प्रकार आणि धुण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी अवश्य जोडावी.