रंगाआधी तळवा बघा

फोटोतली कोंबडीची आठ आठवड्यांची काळी पिल्लं कुठल्या जातीची, या प्रश्नावर कुणी ऑस्ट्रालॉर्प म्हणतंय, कुणी जर्सी जायंट. पिसांवरून हा प्रश्न सुटणार नाही, दोन्ही काळ्याच. नडगीही दोघांची काळपट, त्यामुळे फोटोत फसगत होते. पिल्लू हलकेच उलटं धरून पायाचा तळवा बघा: जर्सी जायंटचा पिवळसर, ऑस्ट्रालॉर्पचा पांढरट. नडगीवर विरळ पिसं दिसली, तर मारान्स या तिसऱ्या जातीचा विचार करायला हवा.

पंखात एखाददुसरं पांढरं पीस आहे म्हणून पिल्लू संकरित ठरवू नका, ही घाई मला खरंच खटकते. ऑस्ट्रालॉर्पच्या पिल्लांत ते नेहमीचंच, आणि मोठं होताना पिसं बदलतात तेव्हा ते बहुधा जातं.

फोटोत सोबत असलेल्या पट्टेरी पिल्लाची जात ओळखायला त्याचा तुरा बघा. एकेरी, करवतीसारखा असेल तर प्लिमथ रॉक. चपटा, वर बारीक दाणे असलेला असेल तर डॉमिनिक. कोंबड्याचा तुरा लवकर लाल होतो आणि भरतो, तलंगांचा (तरुण माद्यांचा) मात्र बराच काळ फिकट राहतो.

पिल्लं मिश्र कळपातली असतील तर यातली कुठलीच खूण शुद्धतेची खात्री देत नाही. तळव्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे पाठवा, त्यावरून नीट सांगता येईल.