मदत हवी आहे: एका सेमिस्टरचे कमी गुण एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) लिहायचे की अर्जातल्या वेगळ्या चौकटीत?

संगणकशास्त्रातल्या पीएचडीसाठी अर्ज करते आहे, विषय मशीन लर्निंग. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये आजारपणामुळे संभाव्यताशास्त्रात काठावर पास. नेमका हाच विषय या क्षेत्राचा पाया, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्याची नजर तिथे अडकणारच. पुढे सांख्यिकीच्या वरच्या कोर्समध्ये आणि प्रबंधात चांगली श्रेणी आहे.

एसओपीला १००० शब्दांची मर्यादा. खुलाशाचा परिच्छेद आधी मधे घातला, तर प्रबंधाचं काम आणि 'याच प्राध्यापकांकडे का' यांची सांगड तुटली. शेवटी नेला, तर वाचून संपताना आजारपणच लक्षात राहतं. सगळा काढला, तर लपवाछपवी वाटते.

अर्जात 'अधिक माहिती' अशी २५० शब्दांची ऐच्छिक चौकट आहे. तिथे कारण दोन वाक्यांत, मग थेट नंतरचे कोर्स आणि श्रेणी, असा मसुदा तयार आहे. आजाराचे तपशील द्यायचे नाहीत. पुन्हा परीक्षा देण्याची सोय नाही. सांख्यिकी शिकवणारे सर शिफारसपत्र देणार आहेत, पण ते अजून लिहायला घेतलेलं नाही.

प्रवेश समितीत काम केलेल्यांनी किंवा अशा अर्जातून गेलेल्यांनी कृपया सांगा: ही चौकट प्राध्यापकांपर्यंत खरंच पोचते, की ते एसओपी आणि पत्रंच वाचतात? आणि सरांनी त्या कमी गुणांचा थेट उल्लेख करावा, की फक्त नंतरच्या कामाबद्दल ठोस लिहावं?