मदत हवी आहे : पोटदुखीचे कारण सापडत नाही, लॅपरोस्कोपी करावी का?

मलप्रभाकाठ : माझ्या धाकट्या बहिणीचे पोट कित्येक महिने दुखत आहे. खानापुरात सोनोग्राफी झाली, बेळगावात सीटी स्कॅन झाले, तरी नेमके निदान होत नाही. आता सर्जन म्हणतात की पूर्ण भूल देऊन लॅपरोस्कोपीने पोटात पाहू आणि काही सापडले तर शक्य तेवढा उपचार त्याच वेळी करू. घरच्यांचे म्हणणे असे की नुसते बघण्यासाठी पोटाला भोके कशाला पाडायची? सोमवारी होकार-नकार कळवायचा आहे. तपासणी करावी की नाही, एवढेच थोडक्यात सांगावे.

घटप्रभा : वय, ताप, वजन, आधीची शस्त्रक्रिया, पाळीच्या दिवसांत दुखणे वाढते का आणि सीटीच्या अहवालातले नेमके शब्द, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावर होय किंवा नाही कोण सांगणार?

निपाणीकर_अण्णा : घाबरू नका. माझी दुर्बिणीची तपासणी कोल्हापुरात झाली. घशात फवारा मारतात, तोंडातून नळी घालतात आणि थोड्या वेळात आपण बाहेर येतो. मला अल्सर निघाला. बहिणीचे तिखट आजपासून बंद करा.

घटप्रभा : अण्णा, ती एंडोस्कोपी, म्हणजे जठर आतून पाहणे. येथे बेंबीजवळ लहान छेद घेऊन, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून आतड्यांची बाहेरची बाजू, यकृताचा पृष्ठभाग, पोटाचे अस्तर आणि अंडाशय पाहतात. तिखटाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

टिळकवाडी_वाचक : हे काही नवे तंत्र नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली पित्ताशय याच पद्धतीने काढले होते.

मलप्रभाकाठ : इतिहास नको, सोमवार जवळ आला आहे. वय २९, एक सिझेरियन झालेले आहे. पाळीशी दुखण्याचा संबंध नाही. संध्याकाळी अंगात कणकण असते आणि वजन उतरले आहे, पण ती धड जेवतच नाही, त्यामुळे असेल. अहवालात पोटात अल्प पाणी, अस्तर किंचित जाड आणि आतड्यांजवळच्या गाठी वाढलेल्या, असे लिहिले आहे.

अथणी_मिरज : दादा, हे आधीच सांगायला हवे होते. माझ्या पत्नीचे चित्र हुबेहूब असेच होते. मिरजेत लॅपरोस्कोपी झाली, तेव्हा सर्जनने मला पडद्यावर दाखवले : आतड्यांवर आणि अस्तरावर सर्वत्र ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे दाणे पसरलेले होते. त्यांतले काही तुकडे काढून तपासायला पाठवले, पोटाचा क्षयरोग निघाला आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांपेक्षा खांदाच जास्त दुखत होता. उरलेल्या वायूमुळे असे होते आणि ते आपोआप थांबते.

चिकोडी_लॅब : मग भूल कशाला? सुईने पाणी काढून त्यातले एडीए, म्हणजे क्षयात वाढणारे एक विकर (एन्झाइम), तपासा, काम भागेल.

अथणी_मिरज : पाण्यात क्षयाचे जंतू क्वचितच दिसतात आणि एडीए वाढलेले आढळले तरी तो अंदाजच राहतो. तुकड्याची सर त्याला नाही.

चिकोडी_लॅब : अंदाज म्हणून हिणवू नका, योग्य रुग्णात तो चांगलाच उपयोगी पडतो. साधी पायरी आधी, मोठी नंतर, एवढेच माझे म्हणणे आहे.

मलप्रभाकाठ : पाणी इतके कमी आहे की सुई सुरक्षितपणे घालता येणार नाही, असे सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे.

निपाणीकर_अण्णा : क्षयच वाटतो ना? मग सरळ गोळ्या सुरू करा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

घटप्रभा : असे करू नये. क्रोन्स (आतड्यांचा दीर्घकालीन दाह), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा अंडाशयाचा कर्करोगही सीटीवर असाच दिसू शकतो. क्षयाच्या गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात, शिवाय जंतू औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे तुकड्याशिवाय कळायचे नाही. माझ्या मते अशा वेळी लॅपरोस्कोपी योग्यच आहे. मात्र सिझेरियनमुळे आत आतडी चिकटलेली असू शकतात, म्हणून पहिला छेद कोठून घेणार आणि पोट उघडावे लागण्याची शक्यता किती, हे सर्जनला जरूर विचारा. संमतीपत्रात त्याचाही उल्लेख असतो. ते कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

सीमावासी : खर्चाचे कोणी बोललेच नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केली. आपले गाव त्यांत आहे का?

मलप्रभाकाठ : गाव यादीत आहे, पण खर्चाचे मी विचारलेले नाही. होकार कळवतो. सर्जनला आणखी काय सांगू?

चिकोडी_लॅब : वाद राहू द्या, कामाचे सांगतो. तुकडे दोन बाटल्यांत घ्यायला सांगा : एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनात, दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. आमच्याकडे अनेकदा सगळे तुकडे एकाच बाटलीत येतात आणि आम्हाला ते परत पाठवावे लागतात. सलाईनची बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, म्हणून ती कोण नेणार हे रविवारीच ठरवा.