रात्री सेन्सर लो (साखर फार कमी) दाखवतो, बोट टोचलं की शुगर नॉर्मल. काय करावं?

नमस्कार मंडळी,
लेक अकरा वर्षांची, टाइप १ डायबिटीस आहे, आम्ही रत्नागिरीत असतो. यंदा इन्सुलिन पंप आणि सीजीएम (अंगावर लावलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर) दोन्ही सुरू केलंय, ऑटो मोडवाला पंप, म्हणजे सेन्सरचे आकडे बघून इन्सुलिन स्वतःच कमीजास्त करतो. दिवसा खरंच सुख आहे, रोजची चार-पाच इंजेक्शनं सुटली, डब्यातले कार्ब (कर्बोदकं) पंपात टाकले की झालं. त्रास आहे तो रात्रीचा.

मध्यरात्रीनंतर अलार्म कोकलतो, 58, कधी 52. उठून बघावं तर पोरगी गाढ झोपलेली, ना घाम ना थरथर, बोट धरलं की झोपेतच हात पांघरुणात ओढून घेते, कसंबसं टोचावं तर ग्लुकोमीटरवर 118. तोवर सासूबाई साखरपाणी घेऊन हजर. त्यांना तरी काय म्हणणार, इंजेक्शनवर असताना खरे लो त्यांनीच निभावलेत. पण इकडे पंपाने लो समजून इन्सुलिन थांबवलेलं असतं, त्यात कधी साखर पोटात गेलेली, मग पहाटे 240 आणि शाळेच्या घाईत करेक्शन (साखर उतरवायला जादा इन्सुलिन), चिडचिड, सगळंच.

सेन्सर डाव्या दंडाला आहे आणि बाईसाहेब डाव्याच कुशीवर झोपतात. दाबामुळे होत असेल का हे? तुम्ही सेन्सर कुठे लावता? आणि रात्री अलार्म बंद ठेवणारं कोणी आहे का? डॉक्टरांना भेटणार आहोतच, त्याआधी अनुभव हवेत.

चहा_बिनसाखरेचा:
ताई, मी स्वतः टाइप १, पंपावर. हे कम्प्रेशन लो वाटतंय. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजतो. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि तेवढ्याच जागेतली साखर घटते. ग्राफ बघा, रेषा कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आणि कूस बदलली की थोड्या वेळात तशीच वर. खरा लो बहुतेकदा उतरत उतरत येतो. सुट्टीच्या दिवशी त्याच कुशीवर पडून टीव्ही बघायला लावा, रेषा कोसळली तर खात्री झाली. पुढचा सेन्सर उजव्या दंडाला, आणि लहान मुलांना अजून कुठली जागा चालते ते पुस्तिकेत बघा, प्रत्येक सेन्सरचं वेगळं असतं. नवीन सेन्सरचा पहिला दिवस तसाही बेभरवशाचा.
अलार्म मात्र बंद करू नका प्लीज.

पेठेतला_पंपवाला:
वरच्यांशी सहमत, पण प्रत्येक लो खोटा धरून चालू नका. मुलगी खेळते का? आमच्या चिरंजीवांचं फुटबॉल संध्याकाळी आणि लो येतो रात्री दोनला, स्नायू नंतर कितीतरी तास साखर ओढत राहतात. आकड्याचा संशय आला की बोट टोचायचं, मीटरवर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी परत बघायचं.
आणि पहाटेच्या 240 चं कारण इन्सुलिन थांबलं हेच असेल असं नाही, कॅन्युला (कातडीखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी) वाकलेली पण असू शकते. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, लाँग अ‍ॅक्टिंगचा आधार नाही, त्यामुळे पुरवठा तुटला तर काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढतात. करेक्शन देऊनही उतरत नसेल तर कीटोन तपासा, इन्सुलिन पेनने डोस द्या, कॅन्युलाचा सेट बदला. पेन घरात ठेवताच ना?

सागरगोटे (धागाकर्ती):
दोघांचे खूप आभार! आत्ताच ग्राफ काढून बघितले, बऱ्याच रात्री अगदी तशीच सरळ रेघ आहे. पण खो-खोच्या सरावाच्या दिवशीची रेघ हळूहळू उतरलेली दिसतेय, म्हणजे ते लो खरेच असणार, सासूबाईंचं साखरपाणी तेव्हा बरोबरच होतं म्हणायचं. पेन आहे फ्रिजमध्ये, एक्सपायरी बघते.
आता सरावाच्या आधी टेम्प टार्गेट (पंपाचं तात्पुरतं वाढवलेलं साखरेचं लक्ष्य) 150 लावायचं तर किती आधी लावता? आणि इकडच्या घामात उजव्या दंडावर टेप टिकेल असं काही वरून लावता का कोणी? इथे दोन दिवसांत कडा सुटतात.