शाळेच्या मुलींना बास्केटबॉलमधला मोशन ऑफेन्स शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करू? (बजेट ८ हजार)

डिचोलीची_पीटी_टीचर:
नमस्कार. १७ वर्षांखालील मुलींचा संघ आहे, बारा जणी. निम्म्या यंदाच खेळायला लागल्या. एक मुलगी चांगली उंच आहे, बाकीच्या साधारण उंचीच्या. आजवर ठरलेल्या दोन चाली घोकून घेत होतो. समोरच्यांनी पहिला पास अडवला की चाल तिथंच संपते, मग जिच्या हातात चेंडू ती एकटीच ड्रिबल करत (चेंडू जमिनीवर आपटत) घुसते आणि बाकीच्या चौघी बघत उभ्या राहतात. म्हणून मोशन, म्हणजे ठरलेली चाल न घोकता काही नियमांवर सतत हलत राहायचा खेळ, शिकवायचं ठरवलंय. आठवड्याला दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर. कोर्ट उघडं, सिमेंटचं. गणेश चवथीनंतर तालुका पातळीचे सामने. वर्षाचं बजेट ८ हजार, त्यातच चेंडू, कोन, बिब. कुठून सुरू करू, आणि उंच मुलीला कुठे ठेवू?

म्हापशाचा_जुना_गार्ड:
टीचर, आधी कोर्ट सोडा. पावसात सिमेंटवर शेवाळ धरतं, कट मारताना (एकदम दिशा बदलून धावताना) पोरगी घसरली की गुडघा गेला. आठवड्यातून एकदा तरी इनडोअर हॉल भाड्याने घ्या. आम्ही लाकडी फ्लोअरवर खेळायला लागलो आणि पुढच्याच वर्षी जिल्ह्याला पोचलो. पायात धड बूट हवेत, तेही सगळ्यांना सारखे. उंच मुलगी बास्केटखाली, यात विचारायचं काय?

फोंड्याचा_पालक:
चेंडूवर पैसे वाचवू नका. मुलीसाठी आधी एक स्वस्तातला घेतला होता, पावसाळा संपायच्या आत त्याची पकड गेली. मग मोल्टन कंपनीचा घेतला, अजून नव्यासारखा आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) सामन्यांना हाच असतो. मुलींसाठी ६ नंबर घ्या. आमच्या शाळेत अजून मुलींना मोठा ७ नंबर देतात, किती वेळा सांगितलं, कोण ऐकत नाही.

म्हापशाचा_जुना_गार्ड:
७ नंबरवर सराव केला तर हात तयार होतो.

फोंड्याचा_पालक:
हात तयार होत नाही, शूटिंगची ढब बिघडते. छातीवरून ढकलायला लागतात मुली.

मडगावची_कोच:
चेंडूचं नंतर भांडा. टीचर, आधी जागा. पाचही जणी थ्री-पॉइंट (तीन गुणांच्या) रेषेबाहेर: एक वर मध्यावर, दोन विंगला (दोन्ही बाजूंना), दोन कॉर्नरला (बास्केटच्या बाजूच्या कोपऱ्यांत). दोघींमध्ये साडेचार-पाच मीटर अंतर. तुमच्या कोर्टावर जुनी ६.२५ मीटरची रेषा आणि बास्केटखालचा ट्रॅपेझॉइड आकाराचा पट्टा असेल तर रंगकामावर पैसा घालू नका. २०१० पासून रेषा ६.७५ वर गेली, पण तुम्हाला फक्त पाच जागा दिसायला हव्यात. खडूनं पाच गोल काढा, झालं.

मग नियम. पास दिलास की बास्केटकडे कट. चेंडू मिळाला नाही तर थांबायचं नाही, रिकाम्या कॉर्नरला निघून जायचं. सुटलेली जागा शेजारणीनं भरायची. म्हणजे वरचीनं उजव्या विंगला पास देऊन कट केला की डावी विंग वर येते, डावा कॉर्नर विंगला येतो आणि कट करणारी डाव्या कॉर्नरला जाते. हे एकदा पायात बसलं की पुढचा नियम, आणि तुमचं दुखणं नेमकं त्याच्यावरच आहे: डिफेंडर पासच्या वाटेत हात घालून उभी असेल तर बाहेर चेंडू मागत राहायचं नाही. एक पाऊल बाहेर टाकायचं आणि तिच्या पाठीमागून बास्केटकडे सुटायचं. बॅकडोअर. जी अडवायला जास्त पुढे येते तिचीच पाठ उघडी पडते. ठरलेल्या चालीत अडवणूक झाली की सगळं मोडतं, इथं अडवणूकच पुढची हालचाल सांगते.

सुरुवात तिघींची करा, डिफेन्सशिवाय. मग तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टावर, ड्रिबल पूर्ण बंद. ड्रिबल बंद केला की चौघी बघत उभ्या राहणं आपोआप बंद होतं, कारण हलल्याशिवाय चेंडू पुढे जातच नाही. बॅकडोअरवरच्या ले-अपला (बास्केटजवळ जाऊन टाकलेल्या शॉटला) दुप्पट गुण द्या. आणि शिट्टी मारून ‘इकडे जा, तिकडे जा’ सांगू नका. थांबवून विचारा: तुझी डिफेंडर कुठे होती? तिला उत्तर देता आलं तर ती शिकतेय.

वास्को_झोन_२३:
हे सगळं मॅन टू मॅनला, म्हणजे एकेकीला धरून डिफेन्स असतो तिथं, ठीक. तालुक्याला निम्म्याहून जास्त संघ २-३ झोन लावतात, म्हणजे दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येक जण आपापली जागा राखते. झोनमध्ये कटच्या मागे कोणी धावत नाही, तुमच्या मुली नुसत्या फेऱ्या मारत बसतील. बाहेरून शूट करणारी आहे का कोणी?

मडगावची_कोच:
जागा त्याच ठेवायच्या. फक्त कट बास्केटपर्यंत न्यायचा नाही, फ्री-थ्रो रेषेपाशी मधल्या पोकळीत थांबायचं, चेंडू घ्यायचा, वळायचं. झोनची मधली मुलगी वर आली की कॉर्नरमधली मागून बास्केटखाली सुटते. पण आधी मॅन टू मॅन शिकू द्या.

वास्को_झोन_२३:
मग त्या पोकळीत उंच मुलगी उभी करा, हेच तर म्हणतोय.

पर्वरीचा_वाचक:
मोशनचं नाव निघालं की अमेरिकन कॉलेज कोच बॉब नाइट आठवतात. त्यांचा १९७६ चा इंडियाना विद्यापीठाचा संघ ३२-० असा अपराजित राहून विजेता झाला. बॅकडोअर म्हणाल तर १९९६ ची प्रिन्स्टन विरुद्ध यूसीएलए ही अमेरिकन कॉलेजांची मॅच बघा, ४३-४१. आदल्या वर्षीच्या विजेत्यांना शेवटच्या क्षणी बॅकडोअर ले-अपवर हरवलं. मुलींना ती क्लिप दाखवा, फुकट आहे.

म्हापशाचा_जुना_गार्ड:
कॉलेजचे संघ रोज सराव करतात. इथं आठवड्याला दोन तास आहेत. हॉल घ्या म्हणतो ते त्यासाठीच.

शिट्टीवाला_केपे:
पंच म्हणून सांगतो. मोशन म्हटलं की शाळांचे संघ लगेच स्क्रीन (जोडीदारणीच्या डिफेंडरची वाट अंगानं अडवणं) लावायला लागतात आणि फाउलनी भरून जातात. स्क्रीन लावणारी जागेवर थांबलेली हवी, दोन्ही पाय जमिनीवर. उभ्या असलेल्या खेळाडूला पाठीमागून स्क्रीन लावली तर तिला एक पाऊल टाकायला जागा सोडावी लागते. आणि उंच मुलगी आत उभी करणार असाल तर बास्केटखालच्या पट्ट्यात ३ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही याचं भान द्या, दर सामन्यात चेंडू त्यातच जातो.

फोंड्याचा_पालक:
उंच मुलगी आतच हवी, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू) कोण घेणार? आणि ६ नंबरचाच चेंडू घ्या.

डिचोलीची_पीटी_टीचर:
सगळ्यांचे आभार. खडूचे गोल काढले, तिघींचा सराव सुरू केला. ड्रिबल बंद केल्यावर पहिल्या दिवशी मुली वैतागल्या, पण पास द्यायला डोकं वर करायला लागल्या. हॉल परवडत नाही. कोर्ट ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतलंय, जोराचा पाऊस असला की वर्गात फळ्यावर शिकवते. चेंडू ६ नंबरचेच, पण रबराचे चार घेतले. सिमेंटवर महागडा चेंडू लवकर सोलवटतो, आणि बारा जणींत एका चेंडूनं भागत नाही. स्क्रीन यंदा अजिबात नाही.

उंच मुलीचं मात्र तुम्हा सगळ्यांचं मत एक आणि माझं दुसरं. तिला वर, मध्यावर ठेवणार. तिला तिथून सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतं आणि तिचा पास अडवता येत नाही. समोरच्यांची उंच मुलगी तिच्यामागे बाहेर आली की बास्केटखाली कोणी उरत नाही, बॅकडोअरला तेच हवं. शिवाय ती नववीत आहे. आत्ताच आत उभी केली तर पास, ड्रिबल काहीच शिकणार नाही, आणि पुढे तिच्याहून उंच मुली भेटल्या की काय करेल?

वास्को_झोन_२३:
रिबाउंड हातचे घालवाल.

मडगावची_कोच:
मी तिला आतच ठेवलं असतं. पण वर ठेवताय तर पास दिल्यावर तिनंही कट केलाच पाहिजे, तिला सूट देऊ नका. आणि ती कट करून गेल्यावर वर कोण येणार, ती मुलगी पास देणारी तयार करा.

डिचोलीची_पीटी_टीचर:
डाव्या विंगला एक आठवीतली आहे, बुटकी पण नजर तयार आहे तिची. सोमवारपासून दोघींना एकत्र घेते.